मेंढरं जिकडे बघतात

सोलापूर, ता. ४ फेब्रुवारी १९७६

मुक्ता,

त्या दिवशी सकाळी मी मेंढरांभोवतीची जाळी, वाघर सोडली, लेंड्या झाडून पाटीत भरल्या आणि टँकरचं पाणी वरवर निवळलं होतं तेवढंच अलगद तांब्यात काढून घेतलं. खालचा गाळ मेंढरांना ठेवला. मग रेशनच्या मिलोच्या भाकरी थापल्या, त्या लाल, कडक, तुला गिळवत नसत त्या. तुझे दादा दारात घोंगडं झटकत उभे होते. मी म्हटलं, खडीवर यायचं नाही का आज. तर म्हणाले, आज सिनेमावाल्यांकडे जायचं, कोरड्या तळ्यातून मेंढरं घेऊन चालायचं, बाकी काही काम नाही. घोंगडं खांद्यावर टाकलं आणि हसले. त्या सालात मी तुझ्या वडलांना हसताना फार वेळा बघितलं नाही.

"मेल्यावर बी दिसीन बघ तुला," म्हणाले.

मी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तळ्याकडे माझी पाठ होती.

हे तुला माहीत नाही, कारण तुझं लग्न होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मुंबईचे लोक दुष्काळात आपल्या तळ्यात सिनेमा काढायला आले होते. सगळं जग जळून गेलंय, समुद्र आटलेत, उरलेली माणसं पाणी शोधत चाललीत, अशी त्याची गोष्ट. त्यांना तसलं तळं हवं होतं आणि तसली माणसं हवी होती. दोन्ही आपल्याकडे तयार होतं.

तो सिनेमा आता सोलापूरला लागणार आहे. परवा शुक्रवारी. आमच्या कारखान्याच्या भिंतीवर पोस्टर लागलंय. वर लाल आभाळ, पडकं शहर, जीपमध्ये बंदूक घेतलेला हिरो आणि अगदी खाली गाठोडी घेतलेल्या माणसांची रांग. त्यातलं एखादं डोकं तुझ्या दादांचं असेल म्हणून मी भिंतीला नाक लावून बघितलं. जवळून नुसते रंगाचे ठिपके दिसतात.

हे अक्षर कुणाचं म्हणशील, तर माझंच. दादा गेल्याचं कळवलं ते पत्र ग्रामपंचायतीतल्या माणसाने लिहिलं होतं. इथं आल्यावर मी दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं लावत गेले. मग पुडीचे कागद, मग वर्तमानपत्रं. दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरते, संध्याकाळी कामगारांच्या वाचनालयात बसते. तिथल्या पुस्तकांपैकी बरीच वाचून झाली. काही दोनदा.

आपल्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. रेशनकार्डावर नुसतं नाव होतं, तेही कमी करून घेतलं. मला त्यांचा चेहरा आठवतो, पण हल्ली कान आठवत नाहीत. एखादं माणूस दीड वर्षात असं थोडं थोडं जातं, हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून लिहिते. ये. रविवारी आपल्या गावाची माणसं येणार आहेत, त्यांच्याबरोबर बघू. मीही तोवर थांबते.

तू काय मनात धरून आहेस ते मी विसरले नाही. लग्न तुमच्याकडे झालं, कारण पाणी तुमच्याकडे होतं. दुपारी आम्ही निघालो. तू कॅनॉलच्या पुलावर उभी होतीस आणि दादा एकदाही न वळता सरळ चालत गेले. मग तू चुलत्याकडून, भिमातात्याकडून निरोप धाडलास, "मेंढरू इकलं तरी माणूस एकदा वळून बघतो. आता मी तुमची न्हाय." ते गेले तेव्हाही तू आली नाहीस, जावईबापू एकटे आले. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. पत्र ते वाचून दाखवत असतील.

तू वळून बघू नकोस, पुढे बघ. पडद्यावर.

तुझी आई,
सोजर


सोलापूर, ता. ९ फेब्रुवारी १९७६

मुक्ता,

स्टँडवर माळशिरसकडच्या दोन गाड्या बघितल्या. दोन्ही वेळा शेवटचं माणूस उतरेपर्यंत थांबले. मग थेटराकडे गेले.

आपली माणसं कांद्याच्या ट्रकमधून आली होती. तानाबाईने लग्नातलं लुगडं नेसलं होतं. धोंडीराम आजोबांनी पटका बांधला होता, तो इतका मोठा की मागचे गिरणीवाले ओरडू लागले, "ओ पाव्हणं, आमालाबी जग बुडालेलं बघू द्या की." आजोबांनी पटका काढून मांडीवर घेतला आणि सिनेमाभर धरून बसले.

सिनेमा कसा होता ते सांगते.

जग जळतं ते सुरुवातीलाच, आणि एवढ्या घाईत की कशाने जळलं ते कळत नाही. पोस्टरवर जळती आगगाडी होती, ती सिनेमात नव्हतीच. मग हिरो जीप घेऊन निघतो. सगळी दुनिया राख झाली, पण त्याच्या दाढीला खुंट नाही. धोंडीराम आजोबा म्हणाले, "न्हावी तेवढा वाचला म्हणायचा." ते सगळ्या थेटराने ऐकलं आणि हशा झाला. हिरो मैलोन् मैल जातो, जीपला पेट्रोल कुठलं ते कुणी विचारत नाही. हिरॉईन पांढऱ्या साडीत वाळवंटातून चालते आणि साडीला धूळ नाही.

पण आपल्या माणसांचं हसू कुठे थांबलं, तर विहिरीपाशी. त्यांना शेवटी एक विहीर सापडते. हिरो पोहरा ओढतो आणि पाणी स्वतःच्या डोक्यावर ओततो. निम्मं खाली सांडतं, तो हसतो, पुन्हा ओततो. मग तानाबाई हळूच म्हणाली, "ह्यानं पाणी बगितलंच न्हाय कवा." तिचं धाकटं त्या सालात गेलं, तुला आठवत असेल.

शहरातले लोक वेगळ्या कारणाने चिडले होते. त्यांना राक्षस हवे होते, मोडणारे पूल हवे होते, मारामारी हवी होती. मध्यंतरानंतर शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी ओरडलं, पैसे परत द्या. निम्मे उठून गेले. आपले मात्र कुणी उठेनात, कारण आपण अजून आलो नव्हतो.

आलो ते शेवटाकडे. तळं आलं. मुक्ता, आपलं तळं बघून मी पुढे सरकून बसले. भेगा, कडेची बाभळ, सगळं तेच. रांग चालली होती. तानाबाई पडद्यावरून निघून गेली, तिने स्वतःला बघायच्या आत. मग मेंढरं आली आणि त्यांच्यामागे पाठमोरं एक माणूस. अंगावर घोंगडं, घोंगड्याच्या कोपऱ्याला हिरवं ठिगळ. चुलीची ठिणगी पडून जळालं होतं तिथे तूच तुझ्या परकराचा तुकडा लावलास, ते. थेटरातली आपली सगळी रांग दादांच्या नावाने एकदम ओरडली, "येडूमामा." मी उभी राहिले. मागचे बस म्हणाले तरी उभी राहिले.

मग समोरून चेहरा दाखवला. तो भिमातात्या होता.

तो स्वतः थेटरात आमच्याच रांगेत टोकाला बसला होता. मी बघितलं तर मान खाली घालून पायातल्या वहाणेशी काहीतरी करत होता.

सिनेमा संपला, दिवे लागले, तरी आपली माणसं बसून राहिली. आपल्याकडे गजी नाचतात, ओव्या म्हणतात, तर रात्र सरेपर्यंत चालतं. त्यांना वाटलं, आता उरलेलं दाखवतील. पंधरा दिवस चालले होते सगळे त्या तळ्यात. डोअरकीपर आला आणि म्हणाला, "हो गया अम्मा, खतम." धोंडीराम आजोबांनी त्याला विचारलं, "आन आमी?"

बाहेर आल्यावर गिरणीतल्या एकाने आजोबांना विचारलं, तुम्ही खरंच होता का यात. आजोबा म्हणाले, "व्हतो. यांनी बघितलं न्हाय तितं व्हतो."

भिमाशी बोलायला मी ट्रककडे गेले, तर तो आधीच वर चढून कांद्याच्या पोत्यांवर मागे जाऊन बसला होता.

तुझे दादा त्यात नाहीत. घोंगडं आहे. का ते मला माहीत नाही. घोंगडं उसनं दिलं असेल.

तू आली नाहीस ते बरं झालं. मीही गेले नसते तर बरं झालं असतं. आजवर ते कुठेतरी तरी होते, मुंबईत एखाद्या डब्यात गुंडाळून ठेवलेले. आता तिथेही नाहीत.

आई


सोलापूर, ता. १२ फेब्रुवारी १९७६

मुक्ता,

हे पत्र तू स्वतः वाच. चौथीपर्यंत शिकली आहेस. जावईबापूंना राग येऊ नये, पण हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

काल दुपारी भिमा आला. कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. मला वाटलं गावाकडे कुणी गेलं. मी कांड्यांची पाटी तशीच ठेवून बाहेर आले. त्याने चहाही घेतला नाही.

म्हणाला, "वहिनी, भाऊनं सांगू नगं म्हणून शपत घातली व्हती. पर रविवारी तुमी उभ्या ऱ्हायला, मला बघवलं न्हाय."

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक गोष्ट राखली. सिनेमातलं ते घोंगडंवालं माणूस नुसतं चालत नाही. त्याच्याबरोबर त्याची आजारी पोर असते. तिला चालवत नाही. तो तिला तळ्यात निजवतो, तिच्या अंगावर फडकं टाकतो आणि काफिल्यामागे निघून जातो. मागे न बघता. तुला ते कळू नये म्हणून मी लिहिलं नाही.

ते काम तुझ्या दादांना दिलं होतं. सिनेमावाल्या साहेबांनी सगळ्या रांगेतून त्यांना निवडलं होतं, चेहरा बघून. म्हणून ते सकाळी हसले. पोर मुंबईची होती, काम करणारी, तुझ्याच वयाची.

पुढचं भिमाच्या तोंडचं लिहिते.

"साहेब म्हणला, पोरीला ठिव आन सरळ जायाचं, वळायचं न्हाय. भाऊ व्हय म्हणला. ठिवली. चालला. आन थोडं गेला की वळला. साहेब म्हणला, पुन्यांदा. पुन्यांदा ठिवली, पुन्यांदा वळला. साहेबानं समजावून सांगितलं, आरं ती खोटी हाय, तिची आई तितं छत्रीखाली बसलीया. भाऊ म्हणला, मला म्हाईत हाय की. आन परत गेला, परत वळला. ऊन चढलं. साहेब लई तापला. भाऊला शिव्या दिल्या, आमच्या म्होरं. शेवटाला भाऊ म्हणला, साहेब, एकदा केलंया मी ते. आता हुईना."

मग साहेब म्हणाले, हे माणूस काढा. घोंगडं उतरवून भिमाच्या अंगावर घातलं.

मुक्ता, पुलावर ते का वळले नाहीत ते आता सांगते. त्या दिवशी वाटेत मी त्यांना विचारलं होतं. तू लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून सांगोल्याच्या बाजारात जायचीस. मेंढरू विकलं की दोरी दुसऱ्याच्या हातात देऊन ते कसे जायचे, आठवतं? सरळ, पलीकडच्या टोकापर्यंत. आपल्या घरात तसंच करतात. मालक वळला, मेंढराला त्याचं तोंड दिसलं, की ते नव्या कळपात रुळत नाही. चरत नाही, दोरी तोडून मागे येतं आणि वाटेत मरतं. त्यांना एवढंच येत होतं. ते मला म्हणाले, "वळलो असतो तर ती मागं आली आसती. मागं काय हाय? तितं पाणी तरी हाय." पुढे म्हणाले, "रुळंल."

तुला मेंढरू समजले, हे तू बोललीस ते खोटं नाही. पण त्यांना मेंढरापलीकडे जपायचं कसं हे ठाऊकच नव्हतं.

मी भिमाला विचारलं, मग त्यांना घरी पाठवलं का. तो म्हणाला, नाही. मेंढरं भिमाच्या हाकेला चालेनात. म्हणून दादांना बाजूला उभं केलं, कॅमेऱ्याच्या डावीकडे. तिथून ते शीळ घालत होते.

हे ऐकून मी तशीच थेटरात गेले. रजा सांगितली नाही. डोअरकीपर म्हणाला, "क्या है अम्मा इसमें? लोगां आधे में उठको जारें, तुम दुबारा आयी." मी तिकीट काढलं. थेटर रिकामंच होतं.

तळं आलं, रांग आली, मेंढरं आली. या वेळी मी माणसाकडे बघितलं नाही. पुढे आपली बांडी होती, मागे लंगडी, मधे तू बाटलीने दूध पाजलेलं ते तांबडं कोकरू, मोठं झालेलं. सगळी खाली माना घालून चाललेली. वरून ढोल वाजत असतात, दुसरं काही ऐकू येत नाही. आणि एकदम सगळ्यांनी माना वर केल्या. सगळ्यांनी एकाच वेळी, आणि डावीकडे बघितलं. बांडीचे कान ताठ झाले. मग ती चालू लागली, मागून सगळी.

ते तिथे होते. पडद्याच्या बाहेर, डावीकडे. थेटरात त्या जागी बाहेर जायचं दार आहे, दाराला लाल पडदा आहे. मी त्या लाल पडद्याकडे बघत बसले. सिनेमात पुढे काय झालं मला माहीत नाही.

एवढंच आहे, मुक्ता. डोळे मिटून उघडायला लागतो तेवढा वेळ. पण ते बघितल्यावर मला त्यांचे कानही आठवले. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती.

उद्या इथे दुसरा सिनेमा लागतो. मी डोअरकीपरला विचारून घेतलं, हा आता अकलूजला तंबूत जाणार आहे, पुढच्या महिन्यात. तुमच्यापासून जवळ आहे. तू जा. डाव्या अंगाला बस. माणसाकडे बघू नकोस, मेंढरांकडे बघ, आणि ती जिकडे बघतील तिकडे बघ.

दादा वळले होते. एकदा नाही, परत परत. ती पोर दुसऱ्याची होती, तरी.

आई


माळशिरस, एस. टी. स्टँड, ता. २४ मार्च १९७६

मुक्ता,

हे पत्र भिमातात्या आणून देतो आहे. त्याला आत घे, लांबून आला आहे.

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांत तुझ्या हातचं पहिलं. पाठ झालंय. "आई, तू म्हनलीस म्हनून गेले. मालकबी आले. डाव्या अंगाला बसले. मेंढरं आलीच न्हाईत. जीप गेली आन एकदम गानं लागलं. दादा हितं बी न्हाय. तू उगा लिहू नगस."

मी कार्ड घेऊन सोलापूरच्या थेटरावर गेले. डोअरकीपरने ते वाचून घेतलं माझ्याकडून. म्हणाला, "तंबूवाले काटतें अम्मा. दो खेल बिठाने कू टुकडे निकालको जोड देतें. जिसमें गाना नै, मारपीट नै, वो पहले जाता." मी विचारलं, काढलेले तुकडे कुठे ठेवतात. तो म्हणाला, "अम्मा, घर जाव."

म्हणजे आता ते कुठेच नाही. मी बघितलं, तू बघितलं नाहीस. आईने रचलेलं आहे असं तुला वाटलं असेल तर मला राग नाही. मलाही कुणी अशी चिठ्ठी लिहिली असती तर वाटलं असतं.

म्हणून भिमाला पाठवते. तो तिथे उभा होता. दादांनी काय केलं ते त्याने उन्हात उभं राहून बघितलं आहे. त्याला विचार. मी समोर असले तर तो माझ्याकडे बघून बोलेल, आणि तू माझ्याकडे बघून ऐकशील. म्हणून मी आले नाही. त्याच्या हातातल्या पिशवीत घोंगडं आहे. सिनेमातलं तेच, इतके दिवस माझ्याकडे होतं. ठिगळाचे टाके तुझे आहेत, ते तरी तुला ओळखू येतील. ठेवून घे किंवा त्याच्याबरोबर परत धाड.

मी इथे पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसले आहे. संध्याकाळच्या गाडीने परत जायचं आहे, तोवर इथेच. हाक मारलीस तर येईन. नाही मारलीस तर गाडीत बसेन, पण गाडी निघताना मी मागे वळून बघणार आहे. तू दिसलीस तरी, नाही दिसलीस तरी. तुझे दादा त्या एका गोष्टीत चुकले.

कार्ड सोमवारी आलं. त्या दिवशी थेटरावरून आले आणि चूलही पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी घोंगडं झटकलं, उन्हात घातलं, त्याची घडी घातली आणि भिमाला आणायला गावाला गेले.

आई